डभईची लढाई व तळेगांवचें घर

इतिहासाचा तास चालला होता. मराठेशाहींतील लढायांचें टांचण आम्हीं फळ्यावर लिहून दिलें होतें. त्यांत 'डभई, १ एप्रिल १७३१. सेनापति त्रिंबकराव दाभाडे यांचें बंड पेशव्यांनीं मोडलें' अशी एक ओळ होती. मुलें ती मुकाट्यानें उतरून घेत होतीं. इतक्यांत मावळांतून येणारा एक मुलगा उभा राहिला व म्हणाला, "गुरुजी, सेनापतीनें बंड केलें, तर महाराजांनीं त्याच्या पाठच्या भावालाच पुन्हा सेनापति कां केलें?" तास संपत आला होता. "तें परीक्षेला नाहीं," असें सांगून आम्हीं त्यास खालीं बसविलें.

त्या दिवशीं त्यास उत्तर न देण्याचें खरें कारण परीक्षा हें नव्हतें. उत्तर आम्हांसच ठाऊक नव्हतें. पुढें नोकरींतून मोकळे झाल्यावर जुन्या बखरी व पत्रव्यवहार वाचण्यास सवड मिळाली, आणि फळ्यावर लिहिलेली ती ओळ किती अपुरी होती हें ध्यानांत आलें. तो मुलगा आतां कोठें असेल कोण जाणे. त्याचें राहिलेलें उत्तर निदान येथें तरी द्यावें, म्हणून हा लेखप्रपंच.

पुण्याहून मुंबईस जाणाऱ्या लोहमार्गावर तळेगांव दाभाडे हें गांव लागतें. गांवाच्या नांवालाच ज्या कुळाचें नांव चिकटलें आहे, तें हें सेनापतींचें घराणें. खंडेराव दाभाडे हे या घराण्याचे कर्ते पुरुष. मोंगलांशीं चाललेल्या दीर्घ झगड्यांत त्यांची तलवार तापली. शाहूमहाराज १७०७ सालीं मोंगलांच्या कैदेंतून सुटून आल्यावर पुढें खंडेराव त्यांच्या पक्षास मिळाले. सुरत-बऱ्हाणपूरच्या वाटेवर ठाणीं बसवून व्यापारी तांड्यांपासून ते चौथाई वसूल करीत. त्यांस हुसकण्यासाठीं मोंगल सुभेदारानें पाठविलेला सरदार झुल्फिकार बेग लढाईंत स्वतःच ठार झाला. १७१७ सालीं महाराजांनीं खंडेरावांस सेनापतिपद दिलें. बाळाजी विश्वनाथ चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आणण्यास दिल्लीस गेले तेव्हां हे सेनापतीहि बरोबर होते. म्हणजे पेशव्यांचें घर व दाभाड्यांचें घर हीं एकाच राज्याच्या उभारणींत खांद्यास खांदा लावून राबलेलीं घरें होतीं, हें वाचकांनीं आरंभींच लक्षांत ठेवावें.

दुसरीहि एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. पेशवा हा प्रधानमंडळांत मुख्य खरा. परंतु सेनापति हाहि त्याच मंडळांतला. त्याची नेमणूक छत्रपतींची, त्याचा मान छत्रपतींच्या दरबारांतला. तो पेशव्यांचा चाकर नव्हता. एका घरांत वडील बंधूच्या हातीं तिजोरीच्या किल्ल्या असल्या, म्हणून धाकटे बंधू कांहीं त्याचे नोकर होत नाहींत. तशीच ही स्थिति होती. पुढील सर्व अनर्थाचें बीज या दोन अधिकारांमधली सीमा कोणींच स्पष्ट आंखली नाहीं यांत आहे.

कलहाचें कारण गुजराथ. या संपन्न प्रांतांत मराठ्यांचा पाय रोवला तो सेनापतीच्या हाताखालच्या सरदारांनीं. पिलाजी गायकवाडांनीं सोनगडच्या डोंगरांत ठाणें केलें व तेथून सुरतेच्या बाजूस हात पसरले. कंठाजी कदम बांडेहि तिकडेच वसुली करीत. तेव्हां 'ज्यानें जंगल तोडलें, त्याचेंच शेत' ही दाभाड्यांची भावना. उलट पेशव्यांचें म्हणणें असें कीं, चौथाई ही छत्रपतींच्या राज्याची. ती ज्याच्या त्याच्या परस्पर पदरांत न पडतां हिशेबांत आली पाहिजे, आणि परकीयांशीं करारमदार एकाच हातानें झाले पाहिजेत. वाचकहो, दोन्ही म्हणणीं ऐकून पाहा. त्यांत खोटें असें कोणतेंच नाहीं. ज्या तंट्यांत एक बाजू निखालस खोटी असते, तो तंटा लवकर मिटतो. दोन्ही बाजूंस थोडथोडें खरें असलें म्हणजेच तो रक्तापर्यंत जातो.

१७२९ सालीं खंडेराव निवर्तले. त्यांचे वडील चिरंजीव त्रिंबकराव सेनापति झाले. वडिलांच्या मागें घर सांवरण्याच्या वेळींच गुजराथेंतून बातमी आली. १७३० सालीं चिमाजीअप्पा पेटलाद व धोळका येथपर्यंत मारा करून गेले, आणि मोंगल सुभेदार सरबुलंदखान यानें गुजराथची चौथाई व सरदेशमुखी, म्हणजे वसुलाचा शेंकडा पंचवीस व शेंकडा दहा असा हक्क, कांहीं अपवाद ठेवून मान्य केला. सनद शाहूमहाराजांच्या नांवाची, पण मिळविली पेशव्यांनीं. प्रांतांतील दंगेखोर जमीनदारांस मराठ्यांपैकीं कोणी साहाय्य करूं नये, असें एक कलमहि त्यांत होतें. आणि त्याचा रोंख पिलाजींवर होता हें सांगावयास ज्योतिषी नको. ज्या शेतांत आपल्या माणसांनीं घाम गाळला त्याचा सातबारा दुसऱ्याच्या नांवें झालेला पाहून तरुण सेनापतीस काय वाटलें असेल, याची कल्पना ज्यांच्या घरीं जमिनीचे तंटे झाले आहेत त्यांस सहज येईल.

याच संधीची वाट पाहत एक धूर्त गृहस्थ दक्षिणेंत बसला होता. तो निजामउल्मुल्क. १७२८ च्या आरंभीं पालखेड येथें बाजीरावांनीं त्यास कोंडून मुंगीशेवगांवचा तह करावयास लाविलें होतें. जें रणांत साधलें नाहीं, तें घरांत फूट पाडून साधावें असा त्यानें बेत केला व सेनापतीस चिथावणी दिली. त्रिंबकरावांस पिलाजी गायकवाड, कंठाजी कदम, उदाजी व आनंदराव पवार, चिमणाजी दामोदर हे येऊन मिळाले. सेनापतीच्या निशाणाखालीं सुमारें ३५,००० जमाव झाला व पेशव्यांजवळ त्याच्या निम्म्याहूनहि कमी होता, असें ग्रँट डफ यानें नमूद केलें आहे.

सेनापतींनीं उद्घोष केला तो महाराजांची सत्ता पेशव्यांच्या हातून सोडविण्याचा. महाराजांविरुद्ध त्यांनीं एक अक्षर काढलें नाहीं. या तंट्यास कित्येकांनीं ब्राह्मण विरुद्ध मराठा असा रंग दिला, व तशी भाषा त्या वेळींहि झाली. परंतु सेनापतीच्या साह्यकर्त्यांत चिमणाजी दामोदर हे ब्राह्मण होते आणि पेशव्यांच्या फौजेंत मराठे शिलेदार जागोजाग होते. तेव्हां हा रंग वरवरचा. आंतलें कापड अधिकाराचें व वांटणीचें होतें. आमच्यासारख्यांच्या घरांत ही लढाई 'आपल्या' पेशव्यांचा विजय म्हणून सांगण्याची चाल आहे. ती आम्हीहि वर्षानुवर्षें पाळली, म्हणूनच हें मुद्दाम लिहिलें.

परक्याच्या दाराशीं जोडे काढण्याचा दोष तरी एकट्या सेनापतींचा म्हणावा काय? सरबुलंदखानाच्या जागीं जोधपूरचे महाराज अभयसिंह गुजराथचे सुभेदार होऊन आले होते. १७३१ च्या फेब्रुवारींत बाजीरावांनीं अहमदाबादेस त्यांची भेट घेतली व करार केला. चौथाईच्या बदल्यांत पिलाजी व कंठाजी यांस प्रांतांतून घालवून द्यावें, असा त्याचा आशय होता. एका भावानें निजामाचा हात धरला, दुसऱ्यानें बादशहाच्या सुभेदाराचा. निजामाचा हेतु मराठी राज्य फोडण्याचा होता व तो अधिक घातक होता, हें आम्ही मानतों. तरी पण भांडण घराबाहेर नेलें तें दोघांनींहि.

मार्च महिन्यांत निजाम व माळव्याचा सुभेदार महंमदखान बंगष यांच्या नर्मदेच्या कांठीं मसलती झाल्या. निजामाची फौज व सेनापतीची फौज एकत्र होण्याच्या आंत निकाल लावणें बाजीरावांस भाग होतें. तरीहि समेटाचीं बोलणीं त्यांनीं अखेरपर्यंत चालूं ठेविलीं होतीं. आरंभीं तर त्यांच्याच आबाजी कवडे यांच्या तुकडीस पिलाजींचे पुत्र दमाजी यांनीं चोप दिला. परंतु बाजीराव डगमगणारे नव्हते.

१ एप्रिल रोजीं बडोदें व डभई यांच्या दरम्यान भिलापूरजवळ गांठ पडली. डभई हें गांव सोळंकी राजांच्या काळच्या कोरीव वेशींविषयीं प्रसिद्ध आहे. त्या वेशींपासून थोड्या अंतरावर त्या दिवशीं मराठ्यानें मराठ्यावर शस्त्र उचललें. पेशव्यांच्या पहिल्याच निकराच्या हल्ल्यानें सेनापतीच्या बाजूचा भाडोत्री व जमवाजमवीचा जमाव फुटला. कंठाजी कदमांनीं रण सोडलें. उभे राहिले ते खंडेरावांच्या हाताखालीं तयार झालेले जुने लोक व स्वतः त्रिंबकराव. त्यांनीं आपल्या हत्तीच्या पायांत सांखळदंड घालविला, म्हणजे माघार घ्यावी असें मनांत आलें तरी घेतां येऊं नये. आणि अंबारींतून ते बाण सोडीत राहिले. हा पराक्रम पाहून, असा वीर राज्याच्या शत्रूंशीं लढावयास हवा, त्यास जिवंत हस्तगत करा, असा निरोप बाजीरावांनीं फिरविला अशी परंपरा आहे. पण गोळीला निरोप कळत नाहीं. एक गोळी येऊन सेनापतीच्या मस्तकांत लागली व ते पडले. ती गोळी त्यांचे मामा भाऊसिंग ठोके यांनीं फितुरीनें मारली, असें सांगतात.

त्या रणांत जावजी दाभाडे, मालोजी पवार व पिलाजींचा एक पुत्र सयाजी हे कामास आले. पिलाजी व आनंदराव पवार जखमी झाले. उदाजी पवार व चिमणाजी दामोदर कैद झाले. हीं नांवें एकदां मोठ्यानें वाचून पाहावीं. यांतलें एकहि नांव शत्रूचें नाहीं. निजाम व बंगष मात्र नर्मदेपलीकडे सुखरूप होते.

आतां तळेगांवच्या वाड्याकडे वळूं. खंडेरावांच्या पत्नी उमाबाई या अभोण्याच्या ठोके देशमुखांच्या कन्या. वणीच्या सप्तशृंगगडावर जाणाऱ्या यात्रेकरूंसाठीं ज्यांनीं पायऱ्या बांधविल्या त्याच या उमाबाई. दोन वर्षांपूर्वीं पति गेले, आणि आतां कर्ता मुलगा गेला, तो आपल्याच राज्याच्या प्रधानाशीं लढतांना. मातेच्या त्या शोकापुढें आणि संतापापुढें दरबारी भाषा काय टिकणार? परंपरा असें सांगते कीं, शाहूमहाराज स्वतः बाजीरावांस घेऊन तळेगांवीं गेले. उमाबाईंच्या पुढें बाजीरावांस उभें करून त्यांनीं बाईंच्या हातांत तलवार दिली. सूड घेणें असेल तर येथेंच घ्या, नाहींतर क्षमा करा, असें सांगितलें. बाजीरावांनीं मान लवविली. उमाबाईंनीं तलवार चालविली नाहीं. कोणी या कथेंत अक्षरशः किती तथ्य आहे असें विचारील. परंतु ती पिढ्यान्‌पिढ्या याच रूपानें सांगितली गेली, यावरून लोकांनीं या लढाईकडे कोणत्या दृष्टीनें पाहिलें तें कळतें. बंडखोराच्या मातेपुढें कोणी राजा जेत्यास मान लववावयास लावीत नाहीं. घरांतल्या वडील माणसानें घरांतल्या विधवेची केलेली ही समजूत आहे.

यानंतर महाराजांनीं त्रिंबकरावांचे बंधु यशवंतराव यांस सेनापतिपद दिलें, पिलाजींस त्यांचे मुतालिक नेमून सेनाखासखेल हा किताब दिला, आणि दोन्ही घरांत करार करून दिला. गुजराथ सेनापतींनीं पाहावी, माळवा पेशव्यांनीं. एकानें दुसऱ्याच्या हद्दींत शिरूं नये. गुजराथच्या वसुलापैकीं अर्धा भाग पेशव्यांच्या मार्फत सरकारांत भरावा.

आमच्या त्या विद्यार्थ्याचें उत्तर येथें आहे. महाराजांच्या लेखीं हें बंड नव्हतें, वांटणीचा तंटा होता. दोन्ही पक्ष त्यांचींच माणसें होतीं व दोघेहि त्यांच्याच नांवानें लढले. जो जिंकला त्याच्या लेखणीनें दुसरा बंडखोर ठरला, आणि ती लेखणी पुढें आमच्या फळ्यापर्यंत आली.

परंतु उत्तराचा दुसरा अर्धा भाग कटु आहे. जो करार रणानंतर झाला, तो रणापूर्वीं कां झाला नाहीं? त्यांतल्या एकाहि कलमास त्रिंबकरावांचें मस्तक लागत नव्हतें. शाहूमहाराज दयाळू, गुणग्राही व क्षमाशील होते. पण कोणासहि दुखवावयाचें नाहीं या स्वभावामुळें त्यांनीं निकालाची गोष्ट लांबणीवर टाकली. आमच्याच कुळांत एका विहिरीच्या पाळीवरून दोन चुलतभावांचें बारा वर्षें बोलणें बंद होतें. वडील मंडळी 'आपोआप मिटेल' म्हणत राहिलीं. शेवटीं त्यांतला एक वारला, आणि तेराव्याच्या दिवशीं कागद झाला कीं, पाणी एक दिवसाआड घ्यावें. कागद लिहावयास अर्धी घटका लागली. घरांतील वडिलांचा प्रेमळपणा हा मोठा गुण खरा, पण तो निवाड्याच्या जागीं बसविला म्हणजे मुलांच्या मुळावर येतो.

आणि उशिरा केलेली समजूत टिकली तरी किती? यशवंतरावांकडे पद राहिलें, पण कर्तबगारी पिलाजींकडे गेली. १७३२ सालीं डाकोर येथें अभयसिंहांच्या माणसांनीं पिलाजींचा दग्यानें वध केला. तेव्हां उमाबाई स्वतः फौज घेऊन अहमदाबादेवर चालून गेल्या आणि अभयसिंहांस तडजोड करणें भाग पडलें. या स्वारीबद्दल महाराजांनीं त्यांस सोन्याचे तोडे दिले असें सांगतात. १७३४ मध्यें दमाजींनीं बडोदें घेतलें, तें १९४९ सालीं संस्थान मुंबई प्रांतांत विलीन होईपर्यंत गायकवाडांकडेच राहिलें. धनी तळेगांवीं नांवाचे राहिले, मुतालिक बडोद्यास राजे झाले. १७४९ च्या डिसेंबरांत शाहूमहाराज वारले, आणि वीस वर्षें राखेखालीं धुमसणारा निखारा पुन्हा पेटला. ताराबाईंच्या साह्यार्थ दमाजी फौज घेऊन साताऱ्यावर आले. नानासाहेब पेशव्यांनीं १७५१ मध्यें त्यांस कैद केलें, दाभाड्यांसहि अटकेंत ठेविलें, आणि गुजराथचा अर्धा भाग तोडून घेतला. १७५३ सालीं उमाबाई निवर्तल्या. तळेगांवीं बनेश्वराच्या देवळापाशीं त्यांची समाधि आहे.

शेवटीं आमच्यासारख्यांच्या अंगाशीं भिडणारी एक गोष्ट सांगून लेखणी ठेवतों. श्रावणांत तळेगांवीं विद्वान् ब्राह्मणांचा मेळावा भरवून त्यांचा सत्कार करण्याची चाल दाभाड्यांच्या घरीं होती. डभईनंतर ती बाजीरावांनीं पुण्यास चालविली, आणि पुढील पेशव्यांच्या काळीं तीच 'दक्षिणा' म्हणून हिंदुस्थानभर गाजली. पेशवाई गेल्यावर त्याच दक्षिणेच्या पैशांतून १८२१ सालीं विश्रामबाग वाड्यांत संस्कृत पाठशाळा निघाली. तिच्यांतूनच कालांतरानें डेक्कन कॉलेज उदयास आलें, आणि दक्षिणा फंडानें मराठी ग्रंथकारांस बक्षिसें व विद्वानांस वेतनें दिलीं. ज्या विद्येवर आम्हीं जन्मभर पोट भरलें, तिच्या पुण्यांतील वाटेचा उगम असा तळेगांवच्या त्या अंगणांत आहे. जेत्यानें पराभूताचें व्रत पुढें चालविलें, हें त्यास भूषणावह झालें. परंतु ज्याच्या घरचें व्रत त्याचें नांव मात्र आम्हीं फळ्यावर 'बंड' या एका शब्दांत पुसून टाकलें.

पुढें कधीं तळेगांवीं जाण्याचा योग आला, तर वाचकांनीं उमाबाईंच्या समाधीपाशीं घटकाभर थांबावें. आणि घरीं परत आल्यावर, विहिरीची, शेताची वा माजघरांतल्या कपाटाची जी वांटणी 'पुढें पाहूं' म्हणून राहिली असेल, तिचा कागद सर्वांसमक्ष, सर्व सुखरूप असतांना, करून टाकावा.